पाकिटातले अळीव: अख्खे घ्या, पूड नको

अळीव घेताना आधी स्वच्छता बघायची, कारण हे दाणे धुता येत नाहीत. पाणी लागलं की सालीभोवती बुळबुळीत थर सुटतो आणि खडा, माती, काडी सगळं त्यात अडकून बसतं. त्यामुळे निवडून चाळलेल्या मालाला दोन पैसे जास्त मोजले तरी हरकत नाही. दाणे तांबूस-तपकिरी, लांबट आणि कोरडे हवेत. एक चावून बघा: मोहरीसारखा हलका झणका लागला तर माल ताजा, खवट लागला तर परत करा.

पूड मात्र घेऊ नये. दाण्यात जवळपास पाव भाग तेल असतं, दळल्यावर ते लवकर खवट होतं. शिवाय पूड भिजवताना गुठळ्या होतात त्या वेगळ्याच.

पाकिटावर ‘१०० ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम लोह’ असं छापलेलं दिसतं. तो आकडा जुन्या तक्त्यांतला. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत लोह १७ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे चमचाभर, साधारण पाच ग्रॅम अळिवातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. केवळ अळिवावर भिस्त ठेवून रक्तवाढीच्या गोळ्या बंद करणं धोक्याचं. प्रथिनं, कॅल्शियम आणि तंतू मात्र खरोखर भरपूर. लिंबू पिळून घेतले तर लोह जास्त शोषलं जातं, लगोलग चहा प्यायलात तर कमी.

लाडवांसाठी पाव वाटी अळीव एक वाटी नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवा. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा ढवळा, नाहीतर तळाशी गोळा होऊन आतले दाणे कोरडे, कडक राहतात. मग दोन वाट्या खोवलेला ओला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर परता. मिश्रण कढईची कड सोडू लागलं की लगेच उतरवा. त्याआधीच उतरवलं तर लाडू सैल पडून बसतात, जास्त परतलं तर गार झाल्यावर दगड होतात. ओल्या नारळामुळे ते फ्रिजमध्येच ठेवायचे आणि आठवड्यात संपवायचे. खिरीत गूळ गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं.

गरोदरपणात अळीव टाळावेत. थायरॉइडचा त्रास किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

मोड आणायचे तर फडक्यात बांधू नका, चिकट लगदा होतो. ओल्या कागदावर विरळ पेरा. आठवडाभरात तिखटसर कोवळा पाला कापायला येतो, तो कोशिंबिरीत कच्चाच घालावा.