मलमाची जळजळ की मलमाची ॲलर्जी?

मुरुमांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडने होणारी जळजळ आणि जखमेवरच्या निओमायसिन मलमाची ॲलर्जी या दोन्हींत त्वचा लालच होते. म्हणून अनेकजण दोन्हींवर एकच उपाय करतात आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते.

जळजळ औषधाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. नाकपुड्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत त्वचा कोरडी पडून पापुद्रे सुटतात, चुरचुरते. पण ५ टक्क्यांऐवजी २.५ टक्क्यांचे जेल मॉइश्चरायझरच्या जोडीने एक दिवसाआड लावल्यास बहुधा निभावते.

ॲलर्जीत मात्रा कमी करून भागत नाही. एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, खाज सुटते, बारीक पाणीदार पुटकुळ्या येतात आणि पुरळ मलमाच्या हद्दीबाहेर पसरते. जखमच चिघळली असे समजून माणूस तेच मलम आणखी थापतो. ते ताबडतोब थांबवावे आणि ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खात्रीसाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. ॲलर्जी ठरल्यास जेंटामायसिन आणि फ्रॅमायसेटिनही टाळावे लागते, कारण ती एकाच कुळातली औषधे आहेत. दुकानातून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे मिश्र मलम तर नकोच, कारण त्यांपैकी काहींत निओमायसिनच असते.