नेटवर्क म्युझिक प्लेअर, चौदा महिन्यांनंतर: विषय शेवटी आईच्या बटणाचा

नेटवर्क म्युझिक प्लेअर म्हणजे घरच्या वायफायवरून गाणी वाजवणारा डबा. आधीच सांगते, कुठल्याचा आवाज जास्त मोकळा, कुठल्यात डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारी चिप) कोणता, असलं काही इथे नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात पंखा, मिक्सर आणि पावसाळ्यात पडवीच्या पत्र्याचा ताशा यातून जे उरतं तेच आम्ही ऐकतो.

लिहायला बसले ती गेल्या वर्षीच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, रागातून. तयार प्लेअर ऑगस्टमध्ये घेतला, सत्तावीस हजारांना, कंपनीचं नाव राहू दे. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधतायत, आई स्वयंपाकघरात, आणि लाईट जाऊन आली. झालं. प्लेअर म्हणे अ‍ॅप अपडेट करा, अपडेट केलं तर म्हणे पुन्हा लॉगिन करा, अकाउंट भावाच्या नावावर, ओटीपी त्याच्या नंबरवर, आणि भाऊ बोटीवर, बोट कुठल्या समुद्रात ते देवाला ठाऊक. गाणी कुठे? आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच हार्डडिस्कवर! घरातली भजनं घरात ऐकायला बाहेरची परवानगी. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतायत, "कितें गो, आयज गाणीं नात?" काय सांगू त्यांना.

कस्टमर केअरला मेल टाकला, उत्तर आलं राउटर बंद करून चालू करा. अकरा दिवस हेच.

मग दिवाळीत चिडून रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, घेतला, तोही झिरो डब्ल्यू, वायफायवाल्यांत सगळ्यात स्वस्तांपैकी, वर छोटं डॅकचं कार्ड. आधी व्हॉल्युमिओ नावाचं गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. दिसायला छान, फोनवर ब्राउझरमध्येच उघडतं. पण परत फोनच. मला ज्याचं वेड लागलं ते हे की आईने पीठ लागलेल्या हाताने, चष्मा न लावता, सकाळी सहा वाजता गाणं कसं लावायचं? आमच्या जुन्या टेपला एक बटण होतं, दाबलं की खटकन वाजायचं. चाळीस वर्षांत तंत्रज्ञानाने प्रगती केली ती बटण काढून टाकण्याची.

इथपर्यंतचा मजकूर मार्चमध्ये लिहून ठेवला होता, आणि पुढे पायला भरपूर नावं ठेवली होती, की हे पोरांचं खेळणं आहे, घरात नको. ते सगळं खोडलं. कारण मधल्या काळात पिकोरप्लेअर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर सापडलं.

स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेअर ज्यांना आठवतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. लॉजिटेकने ते 2012 मध्ये बंद केले, पण त्यांना गाणी पुरवणारा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे लोकांनी तो जिवंत ठेवला, आता त्याचं नाव लिरियन. पिकोरप्लेअर टाकलं की पाय स्वतःला स्क्वीझबॉक्स समजायला लागतो. आमच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच, ती म्हणजे हे सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत चालतं, मेमरी कार्डावर सारखं लिहीत बसत नाही, त्यामुळे धाडकन लाईट गेली तरी कार्ड बिघडायची भीती फार कमी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे लाईट किती वेळा गेली ते मोजणं मी सोडून दिलं, प्लेअर दर वेळी स्वतःहून उठला. सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर आहे, त्याची बॅटरी अजून तासभर तग धरते, आणि राउटर इन्व्हर्टरवर. अकाउंट नाही, ओटीपी नाही, इंटरनेट बंद असलं तरी भजन चालू.

झिरो डब्ल्यूला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय मिळतं म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण घराच्या भिंती दीड फुटी, चिऱ्याच्या. तयार प्लेअर 5 गिगाहर्ट्झ पकडून बसायचा आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा, स्वस्तवाल्याचं कमी गिगाहर्ट्झच भिंत ओलांडून जातं. शहाणपणा मीही केलाच, पाय काजूच्या रिकाम्या टिनच्या डब्यात बसवला, दिसायला झकास, आणि वायफाय गायब. पत्र्याच्या डब्यात रेडिओलहरी कशा शिरणार! आता तो प्लास्टिकच्या डब्यात आहे, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, कारण आषाढात इथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तर त्या पिनांचं काय.

बटण म्हणाल तर गोल फिरणारं एन्कोडर, शंभरेक रुपयांचं, पाच पिना. पिकोरप्लेअरमध्ये ते जोडायची सोय आहे, फिरवलं की आवाज, दाबलं की चालू-बंद. डाळ भाजायला लागते तेवढ्यात जोडून होईल असं वाटलं होतं, लागले दोन रविवार, कारण दोन पिना उलट्या लावल्या आणि डावीकडे फिरवलं की आवाज वाढायला लागला. आईने तसंच वापरायला सुरुवातही केली होती, मी सरळ केल्यावर तीच ओरडली. सकाळचा अलार्मही सर्व्हरमध्येच लावता येतो, वाराप्रमाणे वेगळा, पण तो आईने बंद करायला लावला, "मी लावेन तेव्हाच वाजलं पाहिजे."

तयार प्लेअरवर अन्याय नको. मेमध्ये अपडेट आला, लॉगिन टाळून पुढे जायची सोय झाली, आणि तो आता भावाच्या खोलीत आहे. विलंबित आणि द्रुत अशा दोन ट्रॅकमध्ये तोडलेला ख्याल तो सलग वाजवतो, मध्ये खड्डा नाही. एमपीथ्रीत सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते, ती तो बरोबर कापतो. कॅसेटवरून उतरवलेली बाबांची रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये आहेत, तिथे तर प्रश्नच नाही, पण पायही ते तितकंच नीट करतो म्हणून सत्तावीस हजार आठवतात. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला रिमोट कुठाय. रिमोट नाहीच त्याला.

अ‍ॅपवरच जगणारा प्लेअर घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, क्रोमकास्ट ऑडिओ, फोनवरून स्पीकरवर गाणी पाठवायचा गूगलचा छोटा डबा, 2015 मध्ये आला, 2019 मध्ये बंद, आणि मार्च 2025 मध्ये त्याची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरचे ते गप्प झाले. गूगलने काही दिवसांत दुरुस्त केलं, पण तेवढे दिवस डबा तो डबाच.

परवा एन्कोडरची टोपी निसटून सिंकमध्ये गेली. बाबांनी टूथपेस्टचं झाकण चिकटवलंय, आणि आई म्हणते आधीच्यापेक्षा पकड चांगली.