ओरखडे पडलेली इन्स्टॉलेशन डिस्क: पॉलिश, कॉपी की सेक्टरनिहाय इमेज?

छायाचित्रांच्या डिस्कवरील दोन-चार फाइली गेल्या तरी उरलेल्या उपयोगी पडतात. सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन डिस्कचे तसे नाही. तिच्यावरील बराचसा ऐवज मोठ्या कॅबिनेट फाइलींमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यांमध्ये, दाबून भरलेला असतो आणि त्यातला २०४८ बाइटांचा एखादाच सेक्टर (डिस्कवरील माहितीचा लहान कप्पा) वाचता आला नाही, तरी सेटअप अर्ध्यावर थांबून ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ची, म्हणजे वाचलेली माहिती पडताळणीत न जुळल्याची, चूक दाखवू शकतो. म्हणून पुढील तुलनेत किती टक्के माहिती वाचली याला मी फारसे महत्त्व दिलेले नाही. हाती आलेली प्रत पूर्ण आहे का, आणि नसेल तर नेमके काय राहिले हे तो मार्ग प्रामाणिकपणे सांगतो का, हीच खरी कसोटी आहे.

मार्ग निवडण्याआधी डिस्क उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहावी. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते, परंतु माहितीचा थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखालीच असतो. त्यामुळे लेबलवर खोल ओरखडा जाऊन त्यातून उजेड आरपार दिसत असेल, तर तिथला परावर्तक थरच निघालेला असतो, आणि तेवढ्या जागेची माहिती कोणत्याही उपायाने त्या डिस्कवरून परत येणार नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून लेबलकडचा ओरखडा तिला तितका बाधत नाही. वाचनाच्या बाजूचे ओरखडे दिसायला भयंकर असले तरी पुष्कळदा सुसह्य असतात. त्यातही केंद्रापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडाच भाग अडवतो, तर ट्रॅकच्या, म्हणजे माहितीच्या सर्पिल रेषेच्या, दिशेने गेलेला वळणदार ओरखडा सलग माहिती गिळतो. सीडीची चूकसुधारणा (सोबत नोंदवलेल्या जादा माहितीवरून हरवलेला भाग पुन्हा जुळवण्याची सोय) ट्रॅकवरील साधारण २.५ मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढू शकते. त्यापुढे ती हात टेकते. डीव्हीडीत १६ सेक्टरांचा एकत्र गट सुधारला जातो, त्यामुळे गट सुधारता आला नाही की ३२ किलोबाइट एकदम जातात.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे फाइल मॅनेजरमधून फाइली ओढून घेणे. खराब जागा आली की ड्राइव्ह पुन्हापुन्हा घुरघुरतो, संगणक अडकल्यासारखा होतो आणि शेवटी ती फाइल अर्धवट राहते किंवा मिळतच नाही. अनस्टॉपेबल कॉपियरसारखे मोफत साधन याच्या पुढे जाते: न वाचलेला भाग सोडून ते फाइल पूर्ण लांबीची करून देते. दस्तऐवज किंवा चित्रफितींसाठी हे उत्तम आहे. इन्स्टॉलरसाठी मात्र मी ते सुचवणार नाही, कारण पूर्ण लांबीची पण आतून पोकळ कॅबिनेट फाइल बघताक्षणी शाबूतच वाटते आणि दोष इन्स्टॉलेशनच्या वेळी, किंवा त्याहून वाईट म्हणजे नंतर प्रोग्राम वापरताना, उघड होतो.

खरी निवड आहे ती सेक्टरनिहाय इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची सेक्टरामागून सेक्टर उचललेली एकच प्रत-फाइल, काढणाऱ्या साधनांमध्ये. ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मुख्यतः लिनक्सवर चालवतात. विंडोज वापरणाऱ्याला लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे संगणकात काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, लिनक्स सुरू करूनही ते वापरता येते. पहिल्या फेरीत ते खराब भाग ओलांडून सहज वाचता येणारे सर्व आधी उचलते, मग उरलेल्या तुकड्यांकडे वळते आणि कोणता सेक्टर मिळाला, कोणता नाही याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते. ही मॅपफाइल हाच त्याचा मोठा गुण आहे. काम मध्येच थांबवता येते, डिस्क पुसून पुन्हा घालता येते, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकता येते, आणि प्रत्येक वेळी फक्त राहिलेलेच सेक्टर वाचले जातात. ड्राइव्ह बदलणे हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण लेझर आणि चूकसुधारणेची क्षमता ड्राइव्हनुसार बदलत असल्यामुळे एकाने नाकारलेला सेक्टर दुसरा ड्राइव्ह निमूटपणे देऊन टाकतो. आयसोबस्टर हे विंडोजवरचे साधन हेच काम खिडक्या-बटणांच्या सोयीने करते आणि अपुरी इमेज पुढे चालू ठेवण्याची मुभाही देते. मात्र त्याच्या अनेक सोयींसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. कमांड लिहिण्याची सवय असलेल्याने डीडीरेस्क्यू घ्यावे, नसलेल्याने आयसोबस्टर. परिणामांत फार अंतर पडत नाही.

पॉलिशचे स्थान या सर्वांनंतर येते. मऊ, धूळविरहित कापडाने केंद्रापासून कडेकडे पुसणे निर्धोक आहे आणि ते आधीच करावे. टूथपेस्टने घासणे किंवा यंत्राने पृष्ठभाग खरवडणे म्हणजे पॉलिकार्बोनेटचा, अर्थात डिस्कच्या पारदर्शक प्लास्टिकचा, थर कायमचा कमी करणे होय. यंत्राचा परिणाम एकसारखा येतो, हाताने घासलेल्याचा येत नाही. पण दोन्ही उपाय मागे घेता येत नाहीत. म्हणून जेवढे वाचता येते तेवढे इमेजमध्ये उतरवल्यावरच घासायला हात लावावा.

इन्स्टॉलेशन डिस्कच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे, जो स्वतः रेकॉर्ड केलेल्या डिस्कला उपलब्ध नसतो. कंपनीच्या डिस्क साच्यातून छापलेल्या असतात, त्यामुळे त्याच आवृत्तीच्या, त्याच छपाईच्या दुसऱ्या डिस्कवर बाइट न् बाइट तीच माहिती असते. तीही ओरखडलेली असली तरी चालते: तीच मॅपफाइल देऊन डीडीरेस्क्यू चालवले, की एकीतील पोकळ्या दुसरीने भरल्या जातात, कारण दोन डिस्कवरचे ओरखडे क्वचितच एकाच जागी असतात. भाषा किंवा आवृत्ती थोडीही वेगळी असेल, तर मात्र ही सरमिसळ करू नये. उत्पादकाकडून तीच आवृत्ती अधिकृतपणे उतरवून घेता येत असेल, तर हा सारा खटाटोप टाळून तीच घ्यावी. परवान्याची किल्ली बहुधा वेष्टनावर छापलेली असते, ती जपलेली असली म्हणजे झाले.

एवढे करूनही थोडे सेक्टर उरले, तर डीडीरेस्क्यूच्या भरण-सोयीने त्या जागी ठरावीक खुणेचा मजकूर लिहून घ्यावा आणि इमेज उघडून ती खूण कोणत्या फाइलींत सापडते ते शोधावे. खूण नमुना चित्रफितीत किंवा नको असलेल्या भाषेच्या मदतफाइलीत निघाली, तर तो घटक वगळून इन्स्टॉलेशन पार पडू शकते. मुख्य कॅबिनेट फाइलीत निघाली, तर दुसरी डिस्क मिळवण्यावाचून गत्यंतर नाही. काही जुन्या खेळांच्या डिस्कवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम खराब सेक्टर ठेवलेले असतात. अशा डिस्कची इमेज कधीच शंभर टक्के येणार नाही, आणि कोणत्याही फाइलीत न मोडणाऱ्या त्या सेक्टरांसाठी ड्राइव्ह रात्रभर झिजवण्यात अर्थ नाही.