वेटलिफ्टिंगमध्ये यूथ की ज्युनिअर?
यूथ जागतिक स्पर्धेला वय १३ ते १७, ज्युनिअरला १५ ते २०. वय जन्मसालावरून धरतात, म्हणून १६ वर्षांची पोरगी दोन्हीकडे बसते. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यातल्या पोरीनं आधी यूथच खेळावं. बार (वजनाच्या चकत्या लावायची दांडी) दोन्हीकडे १५ किलोचाच, स्नॅच (एका झटक्यात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत क्लीन, मग डोक्यावर जर्क) यांचे तीन-तीन प्रयत्नही तेच. पण ज्युनिअरला समोर २० वर्षांच्या, पक्क्या ताकदीच्या मुली असतात. महाराष्ट्राच्या हर्षदा गरुडनं २०२२ मध्ये ४५ किलो वजनाच्या गटात दोन्ही प्रकारांत मिळून १५३ किलो उचलून ज्युनिअर जागतिक स्पर्धेचं सुवर्ण आणलं. केवढी मोठी गोष्ट!

गावातल्या जुन्या बारची चकत्या लावायची टोकं फिरत नाहीत, म्हणून क्लीनला मनगट मुरगळतं. खेळाडूचं स्वतःचं वजन स्पर्धा सुरू व्हायच्या दोन तास आधी होतं. वैशाखात पाणी तोडून ते उतरवलं, तर जर्कला पाय लटपटतात.