घर विकण्यापूर्वी भाड्याने घेतलेली कॅराव्हॅन

साताऱ्याच्या शनिवार पेठेतील वडिलांनी बांधलेले घर विकावे, आलेल्या पैशांतून एक कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, बांधून घ्यावी आणि पाय साथ देतात तोवर देशभर हिंडावे, हा विचार माझ्या निवृत्तीपासून आमच्याकडे चालू होता. खोल्या सात आणि राहणारी माणसे दोन, त्यामुळे तो अगदीच वेडगळ नव्हता. "अहो, आधी भाड्याने घेऊन राहून तर बघू," असे पत्नीने सुचवले, आणि मार्च महिन्यात पुण्याकडील एका व्यावसायिकाकडून आम्ही फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली कॅराव्हॅन चालकासह बारा दिवसांसाठी घेतली. भाडे दिवसाला ११,००० रुपये, डिझेल व टोल वेगळे आणि अनामत २०,००० रुपये, असा व्यवहार ठरला.

गाडीविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. पलंग सहा फुटांच्या माणसालाही पुरेल एवढा होता, कपाटांची दारे खड्ड्यांतही उघडली नाहीत आणि खिडक्यांना जाळ्या धड बसवलेल्या होत्या. औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाटे दार उघडून चहा घेतला, त्या वेळी घर विकण्याच्या बाजूने माझे मत पूर्ण झाले होते. तेथून म्हसवड, मिरज, औदुंबर आणि कराड असा आमचा प्रवास झाला.

पहिला प्रश्न पाण्याचा आला. टाकी शंभर लिटरची आहे असे सांगितले होते आणि ती तेवढीच होती. परंतु दोन माणसांच्या आंघोळी, भांडी आणि स्वयंपाक यांत ती दुसऱ्या दिवशी दुपारीच रिकामी झाली. माण तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर कोणाच्या दारात जाऊन शंभर लिटर पाणी मागणे किती अवघड असते, हे ज्याने तो भाग पाहिला आहे त्याला सांगायला नको. एका गृहस्थांनी आनंदाने पाणी दिले, मात्र गाडीतील पाइप त्यांच्या नळापर्यंत पोहोचेना, म्हणून आम्ही कळशीने टाकी भरली. शौचालयाची अडचण याहून नाजूक आहे. मैला साठणारी खालची पेटी सुमारे वीस लिटरची असते आणि ती दोन-तीन दिवसांत भरते. ती कोठे रिकामी करायची, याचे उत्तर व्यावसायिकाकडे "पेट्रोल पंपावर विचारा" एवढेच होते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र पाणी, वीज आणि मैला सोडण्याची सोय एकत्र असलेला तळ आम्हाला या मार्गावर एकही दिसला नाही. दोन पंपांवर नकार मिळाल्यावर तिसऱ्या पंपाच्या व्यवस्थापकांनी स्वतः बादली आणून दिली, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

विजेबाबत जाहिरातीतील शब्द आणि वस्तुस्थिती यांत अंतर होते. "रात्रभर वातानुकूलन" असे लिहिले होते. प्रत्यक्षात बॅटरी १२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम अडीच युनिटांची होती. एक टनाचे यंत्र तासाला साधारण एक युनिट घेते, त्यामुळे बाहेरची जोडणी नसेल तर दोन-अडीच तासांत सारे थंडावते, आणि तेही चुकीच्या अर्थाने. मिरजेला नातेवाइकांच्या अंगणात तार ओढून झोपलो म्हणून निभावले. दिवे, पंखे आणि मोबाइल यांना मात्र छतावरच्या सौर पट्ट्या पुरून उरल्या.

चालक अनुभवी व अत्यंत सभ्य होते. त्यांच्या झोपण्याची वेगळी सोय केली आहे असे आम्हाला सांगितले होते. ती सोय म्हणजे पुढचे आसन आणि मध्ये एक पडदा. दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाला असे झोपवणे मला पटले नाही, म्हणून शेवटचे पाच दिवस त्यांच्यासाठी लॉजची खोली आम्ही घेतली. या सेवेला पाचपैकी तीन गुण देतो. कापलेल्या दोन गुणांपैकी एक केवळ या पडद्यासाठी आहे.

औदुंबरला कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही घराचा हिशेब पुन्हा मांडला. घर विकून दुसरे घर घेतले तर नफ्यावरील करात सवलत मिळते, परंतु कॅराव्हॅन कितीही सुखसोयींची असली तरी कायद्याच्या लेखी ती वाहनच. म्हणजे एक तर साडेबारा टक्के कर भरा, नाही तर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतची रक्कम पाच वर्षांसाठी ठरावीक रोख्यांत अडकवा. मग हिंडायला हातात काय राहणार? शिवाय ताईचा वाटा वेगळा, आणि तिने "तुमचे तुम्ही ठरवा" म्हटले असले तरी तिच्या आवाजात ते नव्हते. आधार, बँक आणि मतदारयादी यांना लागणारा पत्ता कोणता द्यायचा, या पत्नीच्या प्रश्नाला तर माझ्याकडे उत्तरच नव्हते.

घराचा तळमजला आता भाड्याने दिला आहे आणि माडी आमच्यासाठी ठेवली आहे. बाभळीच्या फांदीने उठलेल्या ओरखड्यासाठी अनामतीतून १,५०० रुपये कापले गेले, तेही छायाचित्र दाखवून, म्हणून त्याबद्दल रोष नाही. मार्गशीर्षात हीच गाडी पुन्हा दहा दिवसांसाठी ठरवली आहे. चालकांच्या मुक्कामाचा खर्च या वेळी व्यावसायिकाकडून लेखी मान्य करून घेतला आहे आणि पंधरा मीटरची पाइप आम्ही घरचीच नेणार आहोत.