स्तनाच्या कर्करोगानंतरचा व्यायामोपचार : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत बगलेतील लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, काढावे लागले होते. केमोथेरपी आणि रेडिएशन आटोपल्यावर रुग्णालयाने हाती दिलेल्या कागदावर गोळ्यांचे वेळापत्रक सविस्तर होते. हाताबद्दल मात्र ‘जड उचलू नये’ एवढी एकच ओळ होती. घरच्यांनी ती इतकी मनावर घेतली की कळशी राहिली दूर, मला कोणी नारळही फोडू देईना. पणजीतील एका फिजिओथेरपी केंद्रात व्यायामोपचार सुरू केला तो उन्हाळ्यात. आता दिवाळीही होऊन गेली आहे.

पहिल्या भेटीत व्यायाम नव्हताच. मनगटापासून दंडापर्यंत ठरावीक अंतरांवर टेप लावून दोन्ही हातांचा घेर मोजला, खांदा किती अंशांपर्यंत वर जातो ते नोंदवले आणि इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट मागितला, कारण डॉक्सोरुबिसिन, ट्रॅस्टुझुमॅब यांसारखी कर्करोगावरची औषधे हृदयावर परिणाम करू शकतात. सुरुवातीचे आठवडे भिंतीवर बोटे चढवत नेण्यात आणि दोन्ही हातांनी काठी धरून ती डोक्यावर नेण्यात गेले. बगलेपासून कोपराकडे कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या हाताला लागत; रोजच्या ताणण्याने त्या हळूहळू सैल झाल्या.

खरा वाद वजनांचा होता. नोड्स काढलेल्या हाताने वजन उचलले की सूज, म्हणजे लिम्फेडेमा, येतो किंवा वाढतो, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. संशोधक कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील 141 स्त्रियांना आधीपासूनच सूज होती. तरीही देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवणाऱ्या गटात सूज लक्षणीय वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. यातील कळीचा शब्द ‘हळूहळू’ हा आहे. आमच्याकडेही अर्ध्या किलोपासून सुरुवात झाली, आणि हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली तर पुढचे वजन मिळत नसे. ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बरे वाटू लागताच जोर लावण्याचा मोह आवरणे एकटीला कठीण जाते.

चालण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम, हेच आमचेही प्रमाण होते. मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी ते जमते. पावसाळ्यात घरातल्या ओसरीवर येरझारा घालाव्या लागल्या. दुपारी अंग टाकून द्यावेसे वाटणारा थकवा यानेच कमी झाला, आणि लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीमुळे सकाळी आखडणारी बोटेही पूर्वीपेक्षा लवकर मोकळी होतात, जरी तो त्रास पूर्ण गेलेला नाही.

चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट, बांधताना फरक स्वतःच दिसला. सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड वरच्या चौकटीला बांधायचे म्हणजे दोन्ही हात बराच वेळ डोक्याच्या वर. नणंदेने आधी स्टूलच ओढून घेतले; मग तिने सुतळी कापून दिली आणि गाठी मी मारल्या. संध्याकाळी टेप लावला, घेर नेहमीचाच होता.

तक्रारी आहेत. कॉम्प्रेशनची बाही, म्हणजे सूज आवरण्यासाठी हातावर चढवायची घट्ट बाही, गोव्याच्या दमट हवेत अंगावर ठेवणे ही शिक्षाच आहे. घामाने पुरळ उठते, आणि मापाने शिवून घेतलेली चांगली बाही स्वस्त नसते. धुण्यासाठी दुसरी लागतेच, हे आधी कोणी सांगत नाही. बॅचच्या वेळा सकाळच्या, म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांनी काय करायचे? काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्यांचा तर दिवसच मोडतो. घरी करायच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत होता. मराठीत मागितल्यावर एका विद्यार्थिनीने हाताने लिहून दिला, तो आता इतर रुग्णांनाही झेरॉक्स करून मिळतो.

नाव नोंदवण्यापूर्वी फीबरोबर एवढे जरूर विचारावे : दोन्ही हातांची मापे किती दिवसांनी घेणार, वजन कशावरून वाढवणार, आणि हात अचानक सुजला, लाल किंवा गरम झाला तर त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरांकडे पाठवणार.