निळी केबल बसली तेव्हाच कळायला हवं होतं

8,700 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे हिंमत व्हायची नाही. 6,800 चं ग्राफिक्स कार्ड, 700 बसवायचे, 1,200 कॉम्प्युटर 'ऑप्टिमाइझ' करायचे. फरक शून्य.

मी इंदूरला रामबागेत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. तुळशीचं लग्न लागलं की मान वर करायला सवड नसते. 12 बाय 36 चं पान, 300 डीपीआय, वर वीसेक लेयर. फोटोशॉपमध्ये ब्रश फिरवला की रेघ दोन सेकंदांनी उमटायची. नवरीच्या घरून रोज फोन. अशात दुकानदार म्हणाला, "काकाजी, कार्ड डलवा लो, मक्खन चलेगा." कोण भुलणार नाही?

जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी, सेकंडहँड. लावून दाखवलं, विंडोजनेही तेच नाव दाखवलं. मी काय चिप खरवडून बघणार होतो?

पण खूण समोर होती. माझा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए केबलचा. नव्या कार्डाला ती लागत नाही असं ऐकून मी 250 चा कन्व्हर्टर घ्यायच्या तयारीत होतो. आणि या कार्डाला व्हीजीएचं निळं तोंड! केबल सहज बसली. 250 वाचले म्हणून मी खूश! अरे, 1050 च्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. ते 2010 चं जीटीएस 450 होतं, बायॉस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम, बदलून नवं नाव चढवलेलं. वर तो म्हणाला, "ड्रायव्हर अपडेट मत करना." तेव्हाही मी मान डोलावली.

चौथ्या दिवशी भाच्याने जीपीयू-झेड चालवलं, कार्डातली चिप खरी कोणती ते सांगणारं. कार्डाच्या नावाआधीच कंसात 'फेक'. फुकटचं सॉफ्टवेअर, दोन मिनिटांचं काम. सेकंडहँड कार्ड घ्याल तर दुकानातच चालवा, पैसे नंतर.

पोलीस ठाण्यात गेलो. "बिल?" नव्हतं. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलं होतं, सगळेच घेतात. साहेब म्हणाले, हा देवाणघेवाणीचा मामला, ग्राहक आयोगात जा. ग्राहक हेल्पलाइनवाल्या बाईंनीही बिलच मागितलं. पोर्टलवर तक्रार टाकली, तर नवव्या दिवशी 'निराकरण झाले' असा मेसेज! कोणाचं झालं? फोन केला तर सांगतात, दुकानदार विक्री नाकारतो, आम्ही काय करणार. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणे, पण दाखवू काय? चिठ्ठीवर 'कार्ड 1' एवढंच, दुकानाचं नावही नाही. निदान सगळे पैसे यूपीआयने द्यायचे. मी 2,000 तसे दिले, बाकी रोख, कारण तो "कॅश में कम कर दूँगा" म्हणाला होता.

आणि दुखणं कार्डाचं नव्हतंच. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' निवडली की आकडा दिसतो; 100 टक्क्यांच्या खाली गेली की रॅम पुरत नाही, काम डिस्कवर चाललंय. माझी 60 च्या आसपास. स्क्रॅच डिस्क, म्हणजे रॅम संपली की फोटोशॉप वापरतं ती डिस्कवरची जागा, सी ड्राइव्हवर आणि तिथे उरलेले 6 जीबी. भाच्याने जुने अल्बम बाहेर काढले, आणखी 8 जीबी रॅम घातली, पक्क्या बिलाची. ब्रश हाताबरोबर चालतो आता.

परवा कार्ड परत द्यायला गेलो. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "600 में ले लूँगा काकाजी, आप अपने आदमी हो."